विश्लेषण : इथेनॉलच्या चर्चेत विसरलेले नाव... परळमध्ये रसायनांचा कारखाना काढणारे प्रा. गज्जर कोण होते?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण देशभर लागू झाल्यापासून गाडीच्या मायलेजपासून उसाच्या भावापर्यंत सगळ्यावर वाद सुरू आहेत. त्यात आता मक्याची भर पडली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि कारखाने धान्याकडे वळले. गेल्या काही हंगामांत मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉलचा वाटा उसापेक्षा मोठा झाला. मक्यातला स्टार्च आधी शुद्ध स्वरूपात वेगळा काढायचा, त्यातला काही विकायचा आणि उरलेल्याचे अल्कोहोल करायचे, हा मार्गही आता चर्चेत आहे. एका कच्च्या मालातून जितके पदार्थ निघतील तितके काढायचे, हा रासायनिक उद्योगाचा मूळ हिशेब. पश्चिम भारतात तो शिकवणारी पहिली मोठी व्यक्ती म्हणजे प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. जन्माने सुरतेचे, नाव कमावले बडोद्यात. पण आयुष्याची शेवटची सुमारे २४ वर्षे मुंबईची. गिरगावात प्रयोगशाळा, चौपाटीवर कॉलेज आणि परळला कारखाना, असा त्यांचा मुंबईतला पट आहे.

सुताराच्या घरातला रसायनशास्त्रज्ञ

गज्जर यांचा जन्म १८६३ चा, सुरतेतला. गज्जर हे आडनाव ‘गजधर’ या शब्दावरून आले, म्हणजे हातात मोजमापाचा गज असलेला. घराणे सुतारकामातले, बांधकाम आणि लाकडाच्या व्यवसायातले. त्या काळी हातकाम करणारी घरे आणि कॉलेजात जाणारी घरे यांच्यात मोठे अंतर होते. कारागिराला शास्त्र माहीत नव्हते आणि शास्त्र शिकलेला पदवीधर हत्याराला हात लावत नव्हता. गज्जर या दोन्ही बाजू पाहून मोठे झाले. त्यांनी पुढे जे जे केले, त्याच्या मुळाशी ही गोष्ट दिसते.

शिक्षणासाठी ते मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात आले. विषय विज्ञान, त्यातही ओढा रसायनशास्त्राकडे. १८८६ मध्ये बडोदा कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा वय होते अवघे तेवीस. आजच्या हिशेबाने इंजिनीअरिंगची पदवी हातात पडून वर्षही होत नाही असे वय.

कलाभवन का महत्त्वाचे?

बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांची राजवट होती. राज्यात उद्योग यावेत, तरुणांनी नोकरीपलीकडे पाहावे, हा महाराजांचा आग्रह होता. त्यातून १८९० मध्ये ‘कलाभवन’ ही तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि तिची सूत्रे गज्जर यांच्याकडे आली. रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तिथे एका छपराखाली शिकवले जात. शिक्षणाचे माध्यम देशी भाषा. गुजराती आणि मराठी मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून रसायनशास्त्र येणार नाही, हे गज्जर यांना मान्य नव्हते.

पण देशी भाषेत शिकवायचे तर पुस्तके कुठे होती? ‘ऑक्सिडेशन’ला काय म्हणायचे, ‘प्रेसिपिटेट’ला काय म्हणायचे, इथून सुरुवात. गज्जर यांनी पारिभाषिक शब्द आणि शास्त्रीय ग्रंथ तयार करण्याची योजना मांडली. महाराजांनी त्यासाठी ५० हजार रुपये मंजूर केले. त्यातून ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला आली. त्या काळात ५० हजार ही किरकोळ रक्कम नव्हती. मातृभाषेतून इंजिनीअरिंग शिकवण्याच्या आजच्या घोषणा ऐकताना १८९० च्या दशकातला हा खर्च लक्षात ठेवायला हरकत नाही.

गज्जर यांचा जीव मात्र रंगांत होता. त्या दशकांत जर्मनीतून येणाऱ्या कृत्रिम रंगांनी भारतातल्या रंगाऱ्यांचे गणित बिघडवले होते. १८६८ मध्ये प्रयोगशाळेत ॲलिझरिन तयार झाले आणि मंजिष्ठेची शेती बसली. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि निळीची वेळ भरली. पिढ्यान् पिढ्या हातावर विसंबून रंग देणाऱ्याला डब्यातली नवी पूड कशी वापरायची हे कळेना. रंग उतरत होता, कापड कुजत होते. गज्जर यांनी या पुडीला शिव्या घालण्यात वेळ दवडला नाही. कलाभवनात रंगाईची प्रयोगशाळा काढली, जर्मन तज्ज्ञांना बोलावले आणि ‘रंगरहस्य’ नावाचे त्रैमासिक चालवले. इथून शिकून गेलेली माणसे गिरण्यांच्या रंगखात्यांत लागली.

फाळके आणि गज्जर यांचा संबंध काय?

कलाभवनात आलेल्या विद्यार्थ्यांत नाशिककडचा एक तरुण होता, धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकलेबरोबर त्याला छायाचित्रणाचे वेड होते. गज्जर यांनी ते हेरले आणि संस्थेतला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्याच्या हाती दिली. पुढे तीनरंगी ब्लॉक तयार करण्याचे तंत्र शिकण्यासाठी त्याला रतलामला धाडले. ब्लॉक करणे हे अर्धे चित्रकाराचे आणि अर्धे केमिस्टचे काम आहे. ॲसिडने धातू किती खायचा आणि कुठे थांबवायचा, हे कळावे लागते.

याच फाळक्यांनी दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. दादरच्या दादासाहेब फाळके रोडवरून जाणाऱ्या गर्दीपैकी किती जणांना ठाऊक असेल, की या माणसाला डार्करूमची किल्ली एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने दिली होती!

मुंबईत आले, ते वर्ष कोणते होते?

१८९६. गज्जर बडोदा सोडून मुंबईत विल्सन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. गिरगाव चौपाटीसमोरची कॉलेजची दगडी इमारत तेव्हा नवी होती, १८८९ ची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले आणि पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. गिरण्यांतले कामगार गावाकडे पळाले.

गज्जर यांनी आयोडीन टरक्लोराइड हे रसायन प्लेगवर उपाय म्हणून पुढे आणले. जंतुनाशक म्हणून ते आधी माहीत होते. ते पोटात द्यायच्या औषधाच्या रूपात तयार करण्याचा हा प्रयत्न होता. त्याची चर्चा झाली, नावही झाले. मात्र आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर तो प्लेगवरचा इलाज ठरत नाही. प्लेग बरा करणारी औषधे १९४० च्या दशकात प्रतिजैविके आल्यावरच मिळाली. त्याच काळात डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. ती आजही त्यांच्याच नावाने तिथे आहे.

राणीच्या पुतळ्याचे प्रकरण

गज्जर यांचे नाव घराघरात पोहोचले ते एका डागामुळे. फोर्टात राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने तो घडवला होता आणि बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी मुंबईला भेट दिला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये एका रात्री त्याला डांबर फासले गेले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली. हे कोणी केले ते बराच काळ कळले नाही. पुढे रँडच्या खुनाच्या प्रकरणात पकडले गेलेल्या दामोदर चापेकरांनी तो आपलाच उद्योग असल्याचे सांगितले.

सरकारसाठी हा केवळ विद्रूप झालेला दगड नव्हता. साम्राज्याचा चेहरा भर रस्त्यात काळा होऊन बसला होता आणि तो पुसता येत नव्हता. अनेक उपाय थकले. याचे कारण संगमरवराच्या स्वभावात आहे. तो दिसायला गुळगुळीत असला तरी सूक्ष्म छिद्रांचा असतो, त्यामुळे डांबर आत मुरते. खरवडले तर कोरीव काम जाते. ॲसिड लावले तर दगडच विरघळतो, कारण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे डाग काढायचा आणि दगडाला स्पर्श होऊ द्यायचा नाही, अशी अट.

गज्जर यांनी ते करून दाखवले. पुतळा पुन्हा पांढरा झाला आणि एका देशी प्राध्यापकाने इंग्रजांची अडचण सोडवली म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. देशी उद्योगाचा ध्यास घेतलेल्या माणसाने राणीचा चेहरा धुवून द्यावा, हे आज खटकू शकते. पण विसंगती आहे म्हणून ती लपवण्यात अर्थ नाही. त्या पिढीतल्या अनेक सुशिक्षितांप्रमाणे ते सरकारशी भांडण उकरून काढणाऱ्यांतले नव्हते. शिवाय बाजारात एखाद्या रसायनतज्ज्ञाची पत अशाच कामांतून तयार होत होती.

पत तयार झाली आणि त्यापाठोपाठ मोतीही आले. मुंबई ही तेव्हा आखातातून येणाऱ्या मोत्यांची मोठी बाजारपेठ. जुने, पिवळे पडलेले मोती उजळवण्याची पद्धत गज्जर यांनी शोधली. मोती हासुद्धा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. पुतळ्याच्या वेळी जी अट होती, तीच इथे होती, फक्त चूक झाली तर नुकसान व्यापाऱ्याच्या खिशाचे. या कामाने त्यांना पैसा दिला.

गिरगावची प्रयोगशाळा

विल्सनमध्ये शिकवता शिकवता गज्जर यांनी गिरगावात ‘टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी’ सुरू केली. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हाताने काम शिकवायचे आणि उद्योगांच्या अडचणी सोडवायच्या, अशी दुहेरी कल्पना होती. आजच्या भाषेत ‘इंडस्ट्री-अकॅडेमिया’ म्हणून ज्याचे सेमिनार होतात, ते इथे एका खासगी प्रयोगशाळेत चालले होते. विद्यापीठाच्या रसायन अभ्यासक्रमांना तेव्हा पुस्तकी वळण होते. कारखान्यात पदार्थ किती शुद्ध निघाला, उरलेला गाळ कुठे वापरता येईल, एका मापाला किती खर्च आला, हे प्रश्न परीक्षेत येत नसत. गज्जर यांच्या विद्यार्थ्यांना मात्र त्यांना तोंड द्यावे लागे.

परळचा कारखाना आणि अल्कोहोलची अडचण

१९०३ मध्ये गज्जर यांनी परळला एक छोटा कारखाना सुरू केला. भारतातल्या औषधनिर्मितीच्या इतिहासात कोलकात्यातल्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या बेंगॉल केमिकलनंतर लगेच या कारखान्याचे नाव येते. आजूबाजूला सगळ्या कापडगिरण्या. परळ-लालबागच्या आकाशात धुराडी होती आणि त्यांच्या सावलीत ही औषधांची भट्टी.

औषधाच्या कारखान्याला अल्कोहोल का लागते? त्या काळातली बहुतेक पातळ औषधे म्हणजे टिंक्चर. वनस्पतीची साल, मूळ किंवा पाने अल्कोहोलमध्ये भिजवून त्यातला गुण उतरवून घ्यायचा. पाण्यात जे विरघळत नाही ते अल्कोहोलमध्ये विरघळते आणि औषध टिकतेही. म्हणजे स्वस्त, शुद्ध अल्कोहोल नसेल तर देशी औषधउद्योग उभाच राहणार नाही. टिंक्चर विलायतेतून येणार आणि पैसा तिकडे जाणार.

आणि अल्कोहोल तर सरकारच्या मुठीत होते. १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर मुंबई इलाख्यात दारू गाळण्यावर कडक नियंत्रण आले. मुंबईला लागणारी देशी दारू मुख्यतः उरणच्या भट्ट्यांतून, मोहाच्या फुलांपासून यायची. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर, बाळगण्यावरही बंधने आली. आदिवासींच्या अन्नात असलेले फूल परवान्याची वस्तू झाले. सरकारच्या नजरेत अल्कोहोल म्हणजे महसूल. ते उद्योगाचा कच्चा माल आहे, ही बाब दुय्यम.

गज्जर यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन यांनी परळच्या कारखान्याचे काम पुढे नेले. १९०७ मध्ये बडोद्यात ‘अलेम्बिक केमिकल वर्क्स’ स्थापन झाली. उत्पादने सुरुवातीला दोनच प्रकारची, टिंक्चर आणि अल्कोहोल. नावातच सगळे आहे. अलेम्बिक म्हणजे अर्क गाळायचे जुने यंत्र, आपला भबका. शब्द अरबीतून आलेला. बडोदा हे संस्थान, तिथला महाराज उद्योगांच्या मागे उभा राहणारा, त्यामुळे कारखान्याला तिथे बळ मिळाले. परळमधून सुरू झालेला हा प्रवास अशा रीतीने गुजरातेत गेला.

मोह, मळी आणि मका यांत फरक काय?

मोहाच्या फुलात किंवा साखर कारखान्यातल्या मळीत साखर तयारच असते. यीस्ट घातले की ते साखर खाते आणि अल्कोहोल होते. मक्याच्या दाण्यात साखर नसते, स्टार्च असतो, दाण्याच्या वजनाच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंत. स्टार्च म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी आणि ती यीस्टला तोडता येत नाही. म्हणून आधी एन्झाइमने तिचे तुकडे करायचे, मग आंबवायचे, मग गाळायचे. एक टन मक्यातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते.

साध्या पद्धतीत अख्खा दाणा दळून आंबवतात. उरलेला चोथा वाळवून पशुखाद्य, कोंबडीखाद्य म्हणून विकतात. पण स्टार्च शुद्ध काढायचा असेल तर वेगळी पद्धत लागते आणि ती आपल्या घरात माहीत असलेली आहे. कुरडयांसाठी गव्हाचा चीक कसा काढतात? गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटायचे, फडक्यातून गाळायचे. चोथा वर राहतो. दुधासारखे पाणी रात्रभर ठेवले की निवळ वर आणि चीक तळाशी. वरचे पाणी ओतून दिले की उरतो तो बऱ्यापैकी शुद्ध स्टार्च.

कारखान्यात मका असाच ३० ते ४० तास, साधारण ५० अंश तापमानाच्या पाण्यात भिजतो. पाण्यात थोडा सल्फर डायऑक्साइड असतो. त्याने दाण्यातले प्रथिनांचे जाळे सैल होते आणि नको ते जंतू वाढत नाहीत. मग दाणा हलकेच भरडतात. त्यातला अंकुर तेलकट, म्हणून हलका. तो वर येतो आणि त्यातून मक्याचे तेल निघते. पुढे बारीक दळून चाळणीवर साल वेगळी होते. शेवटी राहते ते स्टार्च आणि प्रथिनाचे दूध. स्टार्च जड, प्रथिन हलके. आई रात्रभर वाट पाहते, कारखाना सेंट्रिफ्यूजमध्ये ते गरगर फिरवून काही क्षणांत उरकतो. मग ताज्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन प्रथिनाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणतात.

हा खटाटोप कशासाठी? इथेनॉलचा दर सरकार ठरवते. शुद्ध स्टार्च मात्र कागद, कापड, औषध आणि खाद्य उद्योगांना विकता येतो. औषधाची गोळी बांधून ठेवायला आणि पोटात गेल्यावर फुटायलाही स्टार्चच लागतो. दर पडला तर माल दुसरीकडे वळवता येतो. अडचण पाण्याची आहे. भिजवायला, धुवायला भरपूर पाणी लागते आणि सांडपाणीही तितकेच तयार होते. त्यामुळे दुष्काळी तालुक्यात असा प्रकल्प काढताना आधी हा हिशेब मांडावा लागेल.

लालबाग-परळच्या जुन्या रहिवाशांना स्टार्च वेगळ्या नावाने आठवेल, खळ. गिरणीत ताण्याचा धागा मागावर तुटू नये म्हणून सायझिंग खात्यात त्याला खळ पाजली जाई. धाग्याला खळ किती, खळीत भेसळ किती, यावर कापडाचे वजन आणि गिरणीचा नफा ठरायचा. गज्जर ज्या परिसरात औषधे तयार करत होते, तिथे स्टार्चचा वापर असा रोजचा होता. पण अल्कोहोल, रंग, औषध आणि स्टार्च हे सगळे एकाच रासायनिक उद्योगाचे भाग आहेत, असा विचार करणारे फार थोडे होते.

शेवटची वर्षे

गज्जर १९२० मध्ये मुंबईत गेले. वय साठीच्याही आत. टाटा, वाडियांसारखे उद्योगपती म्हणून त्यांचे नाव राहिले नाही, कारण त्यांच्या कामाची फळे दुसऱ्यांच्या नावाने वाढली. कलाभवन पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा झाले. अलेम्बिक आज मोठी औषध कंपनी आहे. मुंबईला स्वतःचे रसायन-तंत्रज्ञान शिक्षणाचे केंद्र मिळाले ते १९३३ मध्ये, विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाच्या रूपाने. म्हणजे गज्जर यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. हाच विभाग आज माटुंग्याची ‘आयसीटी’ आहे.

परळमध्ये त्यांच्या कारखान्याची ओळख सांगणारे ठळक असे काही नाही. पण त्यांनी धुतलेली राणी मात्र शहरातच आहे. स्वातंत्र्यानंतर पुतळा फोर्टातून हलवण्यात आला. भायखळ्याला राणीच्या बागेलगत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथल्या आवारात इतर जुन्या पुतळ्यांच्या सोबतीने तो पाहता येतो, नाक तुटलेले, पण संगमरवर पांढराच.